ठाण्याच्या तुरुंगावर मुंबईहून निघालेलें आज्ञापत्र (इ. स. १८२८)

इ. स. १८२८ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर एक आज्ञापत्र काढलें. तुमच्या ताब्यांत बापू गणेश या नांवाचा कैदी आहे, त्यास न्यायालयापुढें हजर करावें आणि कोणत्या अधिकारानें त्यास अडकवून ठेविलें आहे तें लिहून कळवावें, एवढाच त्याचा आशय होता. एवढ्याशा हुकमावरून गव्हर्नर व न्यायाधीश यांच्यांत असें भांडण जुंपलें कीं, पुढील वर्षीं सुप्रीम कोर्टाचें दार कांहीं काळ बंद पडलें आणि वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. इंग्रजी कायदेग्रंथांत हें प्रकरण बहुधा पुण्याच्या मोरो रघुनाथाच्या नांवानें ओळखलें जातें. बापू गणेशाचें नांव त्याच्या मागोमाग येतें, तेंही इंग्रजी कारकुनानें कानास लागेल तसें टिपलेल्या वेड्यावांकड्या रूपांत. परंतु सरकारनें धरून ठेविलेल्या माणसाच्या वतीनें ‘यास कां धरिलें?’ असें विचारण्याचा अधिकार कोठवर पोंचतो, या प्रश्नाचें खरें मर्म पुण्याच्या अर्ध्या भागांत नसून ठाण्याच्या अर्ध्या भागांत आहे असें आमचें मत आहे. ठाणें-कल्याणकडील जुने अदालती कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस ते वाचतांना उपयोग व्हावा, या हेतूनें हें प्रकरण व त्याची पुढील परंपरा येथें मांडली आहे.

प्रथम स्थळाचा विचार केला पाहिजे. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ मध्यें मराठ्यांकडून घेतला व साष्टी बेट त्यांच्या हातीं गेलें. १७८० मध्यें त्यांनीं कल्याणही घेतलें. पण १७८२ च्या सालबाईच्या तहानें कल्याण पेशव्यांकडे परत आलें आणि साष्टी इंग्रजांकडे कायम झाली. तेव्हांपासून जून १८१७ च्या पुण्याच्या तहापर्यंत ठाण्याची खाडी ही दोन राज्यांमधील सीमा होती. या पस्तीस वर्षांतील ठाण्याचा कागद व कल्याणचा कागद हे दोन निराळ्या सत्तांचे कागद होत, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. १८१७ नंतर उत्तर कोंकण कंपनीकडे आलें, ठाणें हें त्याचें मुख्य ठिकाण झालें, आणि खाडीवरची सीमा पुसली गेली.

मात्र दुसरी एक सीमा राहिली, ती मुंबई बेट व साष्टी यांच्यामधली. तेथील गांवाचें नांवच शीव. १८०३ सालीं शिवेचा बांध घालून दोन बेटें जोडलीं गेलीं व गाड्याघोडे सुखानें येऊं-जाऊं लागले, तरी न्यायाची शीव जागची हलली नाहीं. मुंबई शहर व बेट यांवर राजाच्या सनदेनें स्थापलेल्या सुप्रीम कोर्टाचा अंमल होता. १८२३ च्या सनदेनें तें निर्माण झालें व १८२४ मध्यें पूर्वीच्या रेकॉर्डर कोर्टाच्या जागीं बसलें. शिवेपलीकडे कंपनी सरकारच्या अदालती, त्यांवर सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत, आणि त्या सर्वांस लागू असलेलें १८२७ चें एल्फिन्स्टनच्या नांवानें ओळखलें जाणारें सत्तावीस रेग्युलेशनांचें कायदेपुस्तक. राजाचें न्यायालय व कंपनीचें न्यायालय हीं एकाच इलाख्यांत, एकाच गव्हर्नराच्या डोळ्यांसमोर, परंतु एकमेकांस न ओळखल्यासारखीं चालत असत.

आतां आज्ञापत्राविषयीं. इंग्रजी कायद्यांत त्यास ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठांत ‘देहोपस्थिति’ असा शब्द योजिला आहे. १६७९ मध्यें इंग्लंडांत यासंबंधीं कायदा झाला, तरी आज्ञापत्र त्याहून जुनें. त्याचा विशेष असा कीं, तें कैद्याच्या अपराधाची चौकशी करीत नाहीं. मनुष्य चोर आहे कीं साव, हा प्रश्न तेथें नाहीं. प्रश्न कैद्याला नसून कैदेंत ठेवणाऱ्याला आहे: कोणाच्या हुकमानें, कोणत्या कायद्यानें? उत्तर पुरेसें असेल तर मनुष्य परत तुरुंगांत जातो, नसेल तर सुटतो. अपील आणि हें आज्ञापत्र यांतील भेद येथेंच आहे. ज्यास शिक्षा झाली त्यास अपिलाचा मार्ग असतो. ज्यास शिक्षाच झालेली नाहीं, नुसतें धरून ठेविलें आहे, त्यानें अपील कशावर करावें?

बापू गणेश हा कंपनीच्या जिल्हा अदालतीच्या हुकमानें ठाण्याच्या तुरुंगांत होता. त्याच सुमारास दुसरें आज्ञापत्र पुण्यास गेलें. मोरो रघुनाथ या अल्पवयी मुलास त्याचे आजोबांच्या नात्याचे पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांनीं आपल्या घरीं अडकवून ठेविलें आहे, अशी तक्रार होती. पांडुरंग रामचंद्र हे दक्षिणेंतील प्रथम दर्जाच्या सरदारांपैकीं. अशा सरदारांस कंपनीच्या साध्या अदालतींतही ओढावयाचें नाहीं, त्यांचीं कामें सरदारांच्या एजंटापुढें चालावीं, अशी व्यवस्था सरकारनें मुद्दाम ठेविली होती. पेशवाई जाऊन दहा वर्षें झालीं होतीं. सरदारांचा मान राखणें हें राज्य टिकविण्याचें साधन होतें. अशा घराण्याच्या कर्त्या पुरुषास मुंबईच्या कोर्टाचा शिपाई हुकूम बजावूं लागला, तेव्हां गव्हर्नर सर जॉन माल्कम यांस त्यांत राज्याचाच पाया हालतांना दिसला. त्यांची भीति अगदींच खोटी होती असें म्हणवत नाहीं. परंतु ती भीति पुण्याच्या प्रकरणाची होती. तिचें ओझें ठाण्याच्या कैद्याच्या माथीं कां बसावें, हें मात्र कळत नाहीं.

सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हे ऑगस्ट १८२८ मध्यें वारले होते. राहिले सर चार्ल्स चेंबर्स व सर जॉन पीटर ग्रांट. त्यांचें म्हणणें असें कीं, सनदेनें आम्हांस इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. राजाचें आज्ञापत्र राजाच्या सर्व मुलखांत चालतें, मग तें ठाण्यास कां चालूं नये? ऑक्टोबरच्या आरंभीं माल्कम व त्यांच्या कौन्सिलानें न्यायाधीशांस पत्र लिहून कळविलें कीं, कंपनीच्या अदालतींच्या अधिकाऱ्यांवर अथवा मुंबई बेटाबाहेर राहणाऱ्या एतद्देशीय लोकांवर निघालेल्या अशा आज्ञापत्रांस यापुढें उत्तर दिलें जाणार नाहीं. न्यायाधीशांनीं हें पत्र भर न्यायालयांत वाचून दाखविलें व न्यायाधीशावर खासगी पत्रानें दडपण आणणें हें सरकारास शोभत नाहीं, असें सुनाविलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १३ ऑक्टोबर रोजीं, चेंबर्सही वारले. ग्रांट एकटे उरले.

ग्रांट यांनीं हट्ट सोडला नाहीं. माझ्या न्यायालयाचा हुकूम मानला जात नसेल तर न्यायालय चालविण्यांत अर्थ नाहीं, असें म्हणून एप्रिल १८२९ मध्यें त्यांनीं न्यायालयाचें सर्व काम बंद केलें. तत्त्व कितीही उंच असलें तरी या उपायानें ज्यांचे दावे पडून राहिले त्यांचा कांहीं अपराध नव्हता, आणि माल्कम यांच्या पक्षास ‘पाहा, न्यायाधीश कसा वागतो’ म्हणावयास आयतें निमित्त मिळालें. लंडनमध्यें बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनीं माल्कम यांस खासगी पत्र धाडून, ॲडव्होकेट-जनरल ड्यूअर यांस मुख्य न्यायाधीश नेमीत आहों व दुसराही एक न्यायाधीश येत आहे, त्या दोघांमध्यें ग्रांट हे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्यें सांपडलेल्या रानहत्तीसारखे होतील, अशा अर्थाचा विनोद केला. तें पत्र पुढें छापलें गेलें व एलेनबरो यांची मोठी नाचक्की झाली. न्यायाधीश नेमतांना सत्ताधाऱ्याच्या मनांत काय चालतें याचा इतका उघडा पुरावा कागदावर क्वचितच सांपडतो.

प्रिव्ही कौन्सिलाचा निर्णय १८२९ मध्यें झाला. तारायंत्र नव्हतें, सुवेझचा कालवा नव्हता. केपला वळसा घालून कागद येण्यास महिनेच्या महिने लागत, म्हणून लंडनमध्यें निर्णय तयार होत असतां इकडे भांडण चालूच होतें. निर्णयाचा सारांश असा. सुप्रीम कोर्टानें देहोपस्थितीचें आज्ञापत्र काढावयाचें तें आपल्या स्थानिक हद्दींत राहणाऱ्यावर, किंवा हद्दीबाहेर असला तरी जो व्यक्तिशः त्या न्यायालयाच्या अंमलाखालीं आहे अशावरच. कंपनीच्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यावर, त्या नात्यानें, तें काढतां येत नाहीं. कारण त्या अदालतीच्या हुकमानें कैदेंत असलेल्यास सोडण्याचा अधिकारच सुप्रीम कोर्टास नाहीं. तिसरा मुद्दा ठाण्याच्या कागदपत्रांतून निघालेला: तुरुंगाधिकाऱ्यानें आपल्या उत्तरांत अदालतीचा अधिकार कोठून आला हें फोड करून लिहिण्याची जरूर नाहीं, सुप्रीम कोर्टानें तो आपण होऊनच जाणला पाहिजे. या तीनही मुद्द्यांवर दोन्हीं आज्ञापत्रें अयोग्य ठरलीं. ग्रांट यांनीं मुंबई सोडली. पुढें ते कलकत्त्यास सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

सनदेचा शब्दार्थ पाहतां निर्णय चुकला असें म्हणतां येत नाहीं. कलकत्त्यास १७७९-८० मध्यें काशीजोड्याच्या प्रकरणांत असाच झगडा झाला होता व १७८१ च्या कायद्यानें तेथील सुप्रीम कोर्टाचे हात बांधले होते. मुंबईचे हात मोकळे राहतील ही अपेक्षाच भोळी होती. पण निर्णयाचा परिणाम काय झाला तो नीट पाहावा. ‘हद्दीबाहेर असला तरी व्यक्तिशः अंमलाखालचा’ म्हणजे व्यवहारांत गोरा ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे एखाद्या गोऱ्या साहेबानें ठाण्यास कोणास कोंडलें तर मुंबईचें न्यायालय त्यास जाब विचारूं शके. तेंच कंपनीच्या अधिकाऱ्यानें अधिकारी या नात्यानें केलें तर विचारूं शकत नसे. धरला कायदेशीर कीं बेकायदेशीर, हा प्रश्नच उपस्थित झाला नाहीं. धरणारा कोण आणि कोठें, एवढ्यावरच सर्व थांबलें. कंपनीच्या अदालतीवर सदर अदालतीकडे अपील होतें, हें खरें. परंतु तें शिक्षा झालेल्यांपुरतें. ज्यास कोणत्याच अदालतीनें शिक्षा दिली नाहीं त्याच्यासाठीं शिवेपलीकडे विचारणारें कोणी नव्हतें, आणि ही उणीव भरून काढण्याची घाई कोणास दिसली नाहीं.

अशीं माणसें ठाण्यास होतीं काय? होतीं, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असामी या प्रकरणाच्या आधींची. जुलै १८१५ मध्यें गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाल्यावर एल्फिन्स्टन यांच्या आग्रहावरून बाजीरावानें त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांच्या स्वाधीन केलें. इंग्रजांनीं त्यास ठाण्याच्या किल्ल्यांत गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यांत ठेविलें. आरोप खुनाचा, पण चौकशी नाहीं, न्यायालय नाहीं, शिक्षेची मुदत नाहीं. सप्टेंबर १८१६ मध्यें तो निसटला. घोड्याच्या खिजमतगारानें गाण्यांतून खुणा दिल्याची कथा त्यासंबंधीं सांगतात. पुन्हां धरला गेला तो चुनारच्या किल्ल्यांत जाऊन पडला. त्याच्याविषयीं कोणास कळवळा यावा असा तो पुरुष नव्हता. पण त्याच्या कैदेस राजकारणाखेरीज दुसरा आधार नव्हता, हेंही तितकेंच खरें. १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनानें या प्रकारास कायद्याचा पोषाख चढविला: राज्याच्या सुरक्षिततेसाठीं एखाद्यास खटल्यावांचून अडकवून ठेवणें सरकारास मोकळें झालें. बंगालमध्यें १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनानें हेंच केलें होतें. सत्तर वर्षांनीं, जुलै १८९७ मध्यें, रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंस याच पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं धरण्यांत आलें. त्यांची मालमत्ता सरकारी ताब्यांत गेली व ते १८९९ पर्यंत खटल्यावांचून अटकेंत राहिले.

१८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत एकवीस मैल आगगाडी सुरू झाली, १८५४ च्या मे महिन्यांत ती कल्याणास पोंचली. १८६२ मध्यें सुप्रीम कोर्ट व सदर अदालती मोडून त्यांचें एकच हायकोर्ट झालें. आतां तरी राजाचें व कंपनीचें हा भेद उरला नव्हता. कंपनीच उरली नव्हती. तरीही शीव राहिली. १८७२ च्या फौजदारी संहितेनें इलाख्याच्या मुख्य शहराबाहेर हें आज्ञापत्र काढण्यास प्रतिबंध केला. १८९८ च्या संहितेचें ४९१ वें कलम आलें तेंही हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीपुरतें, म्हणजे मुंबई शहरापुरतें. गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनास मात्र मुफसलांत धरलें असतां हायकोर्टाकडे अर्ज करण्याची निराळी सोय संहितेंत होती. कल्याणच्या ठाण्यांत एकाच रात्रीं एक इंग्रज व एक आगरी धरला गेला असता, तर पहिल्यास हायकोर्टाचें दार उघडें व दुसऱ्यास बंद, अशी स्थिति विसावें शतक लागल्यावरही होती. १९२३ च्या दुरुस्तीनें ४९१ वें कलम हायकोर्टाच्या अपिली फौजदारी हद्दीला लागू केलें, तेव्हां ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यास मुंबईच्या न्यायालयानें ‘कां धरिलें?’ असें विचारण्याची वाट मोकळी झाली. बापू गणेशाच्या आज्ञापत्रापासून मोजिलीं तर पंचाण्णव वर्षें. त्यांतही १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालचे कैदी कलमाच्या तिसऱ्या पोटभागानें वगळलेलेच राहिले.

यानंतरचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यांत. १९४३ मध्यें केशव तळपदे यांच्या प्रकरणांत फेडरल कोर्टानें भारत संरक्षण नियमांपैकीं २६ वा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर जातो असें ठरविलें, आणि थोड्याच दिवसांत सरकारनें वटहुकूम काढून तें भगदाड बुजविलें. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदानें हायकोर्टास आपल्या सर्व प्रदेशांत आज्ञापत्रें काढण्याचा अधिकार मिळाला व २२ व्या अनुच्छेदानें अटकेचीं कारणें सांगणें, वकिलाचा सल्ला घेऊं देणें आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें करणें हीं बंधनें घातलीं. चोवीस तासांचा नियम मात्र नवा नव्हे. तो १८६१ च्या पहिल्या फौजदारी संहितेपासूनचा. जुना नियम घटनेंत गेल्यामुळें साध्या कायद्यानें काढून टाकण्याजोगा राहिला नाहीं, हा फरक. प्रतिबंधक स्थानबद्धतेस मात्र घटनेनेंच त्यांतून सूट दिली. तेथें कारणें कळविणें व म्हणणें मांडण्याची संधि देणें हा आधार उरतो. आणीबाणींत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें हायकोर्टांचीं मतें बाजूस सारून, अनुच्छेद २१ तहकूब असतां स्थानबद्धास असा अर्जच करतां येत नाहीं, असें ठरविलें. म्हणजे १८२९ ची शीव सबंध देशाभोंवतीं फिरली. तो निर्णय २०१७ च्या पुट्टस्वामी प्रकरणांत स्पष्ट शब्दांनीं रद्द झाला.

हस्तलिखितें जमविणाऱ्यांनीं या मालिकेंतील एक प्रकरण विशेष ध्यानांत ठेवावें. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखालीं मुंबईच्या जिल्हा तुरुंगांत स्थानबद्ध होते. तेथें त्यांनीं परवानगीनें ‘अणूच्या अंतरंगात’ नांवाचें मराठी पुस्तक लिहिलें. विषय शुद्ध पदार्थविज्ञानाचा. हस्तलिखित छापण्यासाठीं बाहेर पत्नीकडे धाडूं द्यावें, या विनंतीस सरकारनें नकार दिला. हायकोर्टानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला व सप्टेंबर १९६५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला: स्थानबद्धतेच्या नियमांत जें बंधन लिहिलेलें नाहीं तें तुरुंगवाल्यांनीं घालूं नये. मनुष्य आंत राहिला, पोथी बाहेर आली. आपल्या संग्रहांतील तुरुंगांत लिहिलेल्या वह्यांवर अधिकाऱ्याचा शिक्का व तारीख असते, तिच्याकडे आपण नुसती खूण म्हणून पाहतों. ती एका अधिकाराची व त्याच्या मर्यादेची नोंद असते.

आतां माणसाकडून वस्तूकडे, म्हणजे झडती व जप्ती यांकडे वळूं. येथें शब्दच फसवे आहेत. पेशवेकालीन मोडी कागदांत ‘झडती’ हा शब्द आला कीं नवशिक्या वाचकास घरझडती आठवते. प्रत्यक्षांत तेथें झडती म्हणजे बहुधा जमाखर्चाचा अथवा किल्ल्याच्या कोठींतील सामानसुमानाचा तपशीलवार झाडा असतो. तालुक्याची झडती वाचून तेथें पोलिसांचा छापा पडला असें कोणी लिहूं नये. ‘जप्ती’ हीही बहुतेक गांव, वतन वा सरंजाम सरकारांत घेण्याची. आपण आज ज्यास झडती व अटक म्हणतों त्या गोष्टी जुन्या कागदांत ‘घरीं चौकी बसविली’, ‘मसाला केला’, ‘हाजिरजामीन घेतला’, ‘फैलजामीन लिहून घेतला’ अशा शब्दांत शोधाव्या लागतात. मसाला म्हणजे बोलावण्यास आलेल्या शिपायाची पोटगी, आणि ती ज्यास बोलाविलें त्याच्याच माथीं. जितके प्यादे जास्त, जितके दिवस जास्त, तितका दंड मोठा, तोही निवाड्याच्या आधींच. सावकारही तकाजा लावून ऋणकोस दारांत बसवून ठेवी, आणि एल्फिन्स्टन यांनीं पेशव्यांच्या मुलखावरील १८१९ च्या अहवालांत या चालीची नोंद केली आहे. या सर्वांस मर्यादा नव्हती असें नाहीं. ती लेखी कायद्याची नसून जामिनाची, जातगोताची व वरिष्ठाकडे फिर्याद नेण्याची होती. गरिबास ती कितपत उपयोगी पडे, हें ज्याच्या त्याच्या ऐपतीवर.

इंग्रजी अमलांत संहितेनें झडतीस दोन लेखी बंधनें घातलीं. ज्या स्थळाची झडती घ्यावयाची त्या भागांतील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी समक्ष असावे, आणि सांपडलेल्या वस्तूंची यादी जागच्या जागीं करून त्यांच्या सह्या घ्याव्या. घरच्या माणसास हजर राहूं द्यावें व यादीची नक्कल द्यावी. १८९८ च्या संहितेंत हें १०३ वें कलम होतें. आपल्याकडे ‘पंचनामा’ म्हणून जो कागद घरोघर माहीत झाला त्याचें मूळ हें. ठाणें-कल्याणकडील जुने पंचनामे पाहणाऱ्यानें पंचांच्या खुणांकडे लक्ष द्यावें: जुन्या चालीचा ‘निशाणी नांगर’, पुढें डाव्या हाताचा आंगठा, क्वचित् मोडी सही. तेच दोघे पंच पुन्हां पुन्हां भेटूं लागले तर ते ‘प्रतिष्ठित रहिवासी’ होते कीं ठाण्यावर नेहमीं बसलेले होते, हा विचार मनांत आणावा. वकील लोक हा प्रश्न न्यायालयांत विचारीत आले आहेत. इतिहासकारानेंही विचारण्यास हरकत नाहीं.

झडतींत सांपडलेला कागद कोठें जाऊन पोंचतो याचें सर्वश्रुत उदाहरण १९०८ चें. लोकमान्य टिळकांच्या पुण्याच्या घरच्या झडतींत एक कार्ड मिळालें. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी ग्रंथांचीं नांवें होतीं. स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर लिहिण्यासाठीं तीं टिपलीं होतीं, असें टिळकांनीं सांगितलें. तरी सरकार पक्षानें तें कार्ड लेखांच्या खटल्यांत पुरावा म्हणून पुढें मांडलें. टांचणवही ठेवणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास अस्वस्थ करील असा हा प्रकार आहे.

कायद्यांतील खरी खोंच अशी कीं, झडतीचे नियम मोडले तरी सांपडलेली वस्तु बहुधा पुराव्यांतून जात नाहीं. १९७३ च्या पूरणमल प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, वस्तु प्रस्तुत असेल तर ती बेकायदेशीर झडतींत मिळाली एवढ्यावरून त्याज्य ठरत नाहीं, असें सांगितलें. १९८० मध्यें महाराष्ट्र सरकार विरुद्ध नटवरलाल सोनी या सोन्याच्या प्रकरणांत तेंच धोरण राहिलें. न्यायालय अशा पुराव्याकडे अधिक सावधपणें पाहील, इतकेंच. १९५४ च्या एम. पी. शर्मा प्रकरणांत झडतीविरुद्ध खासगीपणाचा मूलभूत हक्क घटनेंत नाहीं असें म्हटलें होतें, तें मत २०१७ मध्यें पुसलें गेलें. पण पूरणमलाचा नियम जागेवर आहे. अटकेच्या बाबतींत न्यायालयें अलीकडे कडक झालीं आहेत, आणि अटकेचीं कारणें न कळविल्यास अटकच बेकायदेशीर होते, असें फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. झडतीस तितकें कडक उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं. माणूस बेकायदेशीर धरला तर तो सुटतो. कागद बेकायदेशीर नेला तर तो मिसलींत राहतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. ठाणें पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत ठाणें, भिवंडी, कल्याण, डोंबिवली व उल्हासनगर येतात. तेथें आतां वॉरंटावांचून झडती घ्यावयाची झाल्यास १८५ व्या कलमान्वयें अधिकाऱ्यानें आधीं कारणें लिहून ठेवावीं लागतात व त्या नोंदीच्या नकला अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या मॅजिस्ट्रेटाकडे पाठवाव्या लागतात. १०५ व्या कलमानें झडती, जप्ती, यादी करणें व पंचांच्या सह्या या सर्वांचें दृक्‌श्राव्य चित्रण करून तें मॅजिस्ट्रेटाकडे धाडावयाचें आहे. पंच दोन, यादी एक, नक्कल घरवाल्यास, हें १०३ व्या कलमांत पूर्वीप्रमाणेंच आहे. कलमाचा आंकडाही योगायोगानें १८९८ चाच परत आला. ज्याच्या घरून पोथ्या, रुमाल वा ताम्रपट चौकशीसाठीं नेले जातील त्यानें ती नक्कल मागून घ्यावी, आणि यादींत ‘जुने कागद, एक गठ्ठा’ एवढेंच लिहूं न देतां पृष्ठसंख्या, आरंभ व शेवट नोंदवून घ्यावा. दप्तरें परत मिळतांना वाद होतो तो या एका ओळीवरून.